पाळीची पंगत

२६ जानेवारी २०१९ रोजी उद्यमबागेत, आमच्या घराला लागून असलेल्या पुतण्याच्या लेथ वर्कशॉपमध्ये आमच्या घराण्यातील शेहेचाळीस माणसे एका पंगतीला बसली. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असल्यामुळे यंत्रे बंद होती. दोन्ही लेथवर ताडपत्री टाकली होती, लोखंडाचा चुरा झाडून जमीन दोनदा धुतली होती, तरी तेलाचा वास काही गेला नव्हता. त्या दिवशी सकाळी पहिल्या बसने निपाणीहून आमच्या चुलत आक्का आल्या. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. पायावर पाणी घेण्याआधी त्यांनी पिशवीतून धडप्यात बांधलेला शेरभर तांदूळ काढून माझ्या पत्नीच्या हाती दिला. ‘‘माझा शिधा,’’ एवढेच म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

त्या शेरभर तांदळामागे तीन वर्षांची हकीकत आहे. २०१६ साली आम्ही घराण्यातील चार जाणत्यांनी कुलमेळावा भरविला होता. मी तेव्हा सरकारी सेवेत होतो. आमचे नियोजन कचेरीच्या शिस्तीचे होते: मंगल कार्यालय, छापील पत्रिका, आचारी, ज्येष्ठांना शाल-श्रीफळ, आणि या साऱ्यासाठी घरटी दीड हजार रुपये वर्गणी. शंभराच्या वर माणसे आली, भाषणे झाली, सर्वांनी वाखाणणी केली. आक्का मात्र आल्या नाहीत. प्रकृती बरी नसेल असे मी धरून चाललो. पुढे पंधरवड्याने फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘वर्गणी काय जमली न्हाई बघ बाबा. आणि न देता पंगतीला बसायचं म्हंजे कसं वाटतंय?’’

आक्कांची हयात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेली. यजमान लवकर वारले, दोन मुले त्यांनी रोजावर वाढविली. ‘तुम्ही वर्गणीवाचून या’ असे त्यांना सांगता आले असते. पण तसे सांगणे हाच त्यांचा अपमान झाला असता, हे त्या एका वाक्याने माझ्या ध्यानी आले. चौकशी करता आणखी पाच घरे याच कारणाने आली नव्हती असे कळले. घराण्याचा मेळावा म्हणून आम्ही जो भरविला, तो घराण्यातील ऐपतदारांचा मेळावा होता. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. आमच्या आजोबांच्या काळी घराणे आजच्याहून गरीब होते. मग त्या काळी गरीब शाखा एकत्र येत ती कशी? या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली आहेत. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचे अन्न खाणारी, सामाईक मालमत्ता धरणारी आणि सामाईक पूजेत भाग घेणारी नातेवाइकांची मंडळी, असा त्यांचा आशय आहे. यातील चूल आणि पूजा या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या. भाऊ वेगळे निघत तेव्हा पहिली वेगळी होई ती चूल. जमीन नंतर वाटली जाई. देव मात्र सहसा वाटले जात नसत. टाक थोरल्या घरी राहत, आणि धाकट्या शाखांना नवरात्रात, कुळधर्माला, भाद्रपदातील म्हाळाला थोरल्या घरी जावे लागे. आज आपण ज्याला कुटुंबमेळावा म्हणतो तो वर्षातून तीनचार वेळा आपोआप भरत असे, आणि त्यासाठी कोणी पत्रिका काढीत नसे. तिथी हीच पत्रिका होती.

आणि खर्च? थोरल्या घरी जाताना प्रत्येक चूल आपला शिधा घेऊन जाई. तांदूळ, गूळ, डाळ, परसातील भाजी, ज्याच्या शेतात जे पिकले ते. ज्याच्याकडे काहीच नसे तो लाकडे फोडून देई, पाणी भरी. माघी पौर्णिमेला, जिला आमच्या भागात कानडी नावाने भारत हुण्णिमे म्हणतात, सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुका-यल्लम्माच्या दर्शनाला भाऊबंदांच्या गाड्या एकत्र जात. तेथेही तीन दगडांची चूल मांडून बरोबर आणलेल्या शिध्यावरच स्वयंपाक होई, परड्या भरल्या जात आणि एका पंगतीत जेवणे होत. कोल्हापूरजवळच्या जोतिबाला चैत्रात जाणाऱ्यांची रीतही याहून फार निराळी नव्हती. शिध्याचा एक गुण असा की, एकदा पातेल्यात पडला की कोणाचा शेर आणि कोणाची पायली हे कळत नाही. वर्गणीची यादी मात्र नावानिशी राहते.

दुसरी गोष्ट पाळीची. वतनी व्यवस्थेत पाटीलकी किंवा कुलकर्ण एका माणसाचे नसे, घराण्याचे असे. शाखा वाढत गेल्या की वतनाच्या तक्षिमा होत, आणि चाकरी व तिच्याबरोबरचे मानपान तक्षीमदारांकडे पाळीने येत. इंग्रजी अंमलात १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने घराण्यातील प्रतिनिधी वतनदारांची नोंद करण्याची पद्धत घातली, तेव्हाही शाखांची ही आळीपाळी कागदावर आली. आमच्या घराण्याकडे पाटीलकीची एक तक्षीम होती. होळीची पहिली पोळी यंदा कोणाची, दसऱ्याला सोने लुटताना पुढे कोण, हे पाळीने ठरे. आणि ज्या शाखेची पाळी, तिच्या घरी त्या दिवशी सारे भाऊबंद जमत. पाळी श्रीमंत शाखेकडे जाई तशीच ती कोरडवाहू दोन एकरवाल्याकडेही जाई. त्या दिवसापुरता तो घराण्याचा यजमान असे.

या व्यवस्थेचे मी गोडवे गात नाही. वतनाच्या जुन्या कागदांत सर्वांत अधिक आढळणारी गोष्ट म्हणजे वडीलपणाचा तंटा. थोरली शाखा कोणती, मानाचा विडा आधी कोणाला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत आणि ती निवाड्यासाठी गोतसभेपुढे येत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात या गोतसभांची आणि त्यांच्या महजरांची सविस्तर चर्चा आहे. महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, इतर वतनदार व बलुतेदार आपापल्या अवजाराची. ‘गोत’ या शब्दात नातलगही होते आणि गावातील वतनदार-बलुतेदारही होते. ज्याला वाळीत टाकले त्याला परत घेताना गोतपत होई, आणि तो पुन्हा पंगतीला बसला की निवाडा पुरा झाला असे मानीत. पंगत ही अशी माणसाला आत घेण्याची खूण होती. पण त्याच पंगतीने जातीच्या भिंतीही उभ्या ठेवल्या आणि बायकांना सर्वांत शेवटी जेवायला बसविले, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा जुने जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणणार नाही. शिधा आणि पाळी ही दोन हत्यारे मात्र चांगली होती.

या जुन्या जगातील आणखी एका माणसाची आठवण येथे केली पाहिजे. सुगी आटोपली की आमच्या गावी हेळवी येई. उत्तर कर्नाटकात आणि लगतच्या कोल्हापूर-सांगली भागात ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत आली आहेत. कानडीत ‘हेळव’ म्हणजे पांगळा. मूळ पुरुष पायाने अधू होता आणि बैलावर बसून हिंडत असे, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. बैलावर बसलेला हेळवी दारात आला की घरातील सारी मंडळी सोप्यात जमत. तो आमचा मूळ पुरुष कोठून आला, त्याला मुलगे किती, कोणती शाखा कोठे गेली, हे एका सुरात म्हणत जाई आणि धान्य, जुनेर, थोडे पैसे घेऊन पुढच्या घरी जाई. पुढच्या भाऊबंदाच्या दारातही तीच नावे उच्चारली जात. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन चुलत भावांना हेळवी वर्षातून एकदा एकाच वंशावळीत बसवी. पुढे गावात शाळा झाल्या, मुले शहरात गेली, दारात हेळवी आला तर ‘घरात कोणी नाही’ म्हणण्याची रीत पडली. आमच्या गावी आलेला शेवटचा हेळवी मला आठवतो. त्याने सांगितलेली नावे कोणी लिहून घेतली नाहीत. मी तेव्हा पदवी परीक्षेच्या अभ्यासात होतो आणि मला ते ऐकायला वेळ नव्हता.

ही वीण उसवली कशी, हे पाहताना काही सन डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत. मुंबई राज्यात परगणे व कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून रद्द झाली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मात्र त्याच कायद्याने चंदगड तालुका बेळगावातून वगळून मुंबई राज्यात ठेवला व तो कोल्हापूर जिल्ह्यात गेला. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ चंदगड तालुक्यात घरजावई गेलेले. ३१ ऑक्टोबरला ज्यांची कचेरी एक होती, त्यांची १ नोव्हेंबरला दोन राज्ये झाली. बसचे अंतर तेवढेच राहिले. पण उताऱ्याची भाषा, शाळेची पुस्तके, नोकरीची वाट हे सारे हळूहळू वेगळे होत गेले. पुढे कर्नाटकातील ग्राम-वतने रद्द करणारा १९६१ चा कायदा १ फेब्रुवारी १९६३ पासून लागू झाला आणि पाटीलकीची पाळीही संपली. हे कायदे आवश्यक होते, त्यांच्या अंमलबजावणीत मी स्वतः नोकरीभर राबलो आहे. पण पाळी गेली तेव्हा तिच्याबरोबर भाऊबंदांच्या एकत्र येण्याचे एक ठरलेले निमित्तही गेले, आणि त्याच्या जागी आम्ही दुसरे काही ठेवले नाही.

मग घराणी भेटू लागली ती आमच्या कचेरीत. माझ्या सेवेचा बराच काळ महसूल खात्यात गेला. वारसा नोंदीसाठी वंशावळ लागते, वाटणीसाठी सर्वांच्या सह्या लागतात. तेवढ्यासाठी मुंबई-पुण्याचे भाऊ, गोव्यातील काका, कधी न पाहिलेले पुतणे बाकावर शेजारी शेजारी बसलेले मी वर्षानुवर्षे पाहिले. त्यातही बहिणींचे चित्र मनातून जात नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कर्नाटकात आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने देशभर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क मिळाला. हक्क मिळाल्यामुळे तिची सही आवश्यक झाली, आणि सही आवश्यक झाल्यामुळे तिला बोलावणे जाऊ लागले. हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करून, कपभर चहा घेऊन, भावाच्या घराची पायरी न चढता परस्पर बसस्थानकाकडे वळणाऱ्या बहिणी मी किती पाहिल्या त्याची गणती नाही. कागद कायदेशीर होते. त्यांना हरकत घेण्याचे माझे काम नव्हते.

आमच्या बेळगाव तालुक्यात एक मोठा अपवाद शिल्लक आहे, तो लक्ष्मीयात्रेचा. अनेक गावांत ग्रामदेवता महालक्ष्मीची यात्रा काही वर्षांच्या खंडाने भरते. कोठे पाच-सात वर्षांनी, कोठे एका पिढीने. देवीचे लग्न लागते, रथ गावभर फिरतो, देवी गदगेवर बसते, माहेरवाशिणी ओटी भरतात आणि शेवटी देवी सीमेकडे जाते. त्या आठवड्यात गावातील प्रत्येक घर म्हणजे एक कुलसंमेलन असते. लेकी-सुना, जावई, व्याही, त्यांचे मित्र असे शेकडो पाहुणे एकेका घरी जेवून जातात. इतके आतिथ्य अन्यत्र क्वचितच दिसेल. पण या यात्रेचा दुसरा चेहरा आम्हां सीमाभागातील लोकांना चांगला ठाऊक आहे. घराला रंग, नवे कपडे, मांडव, बकरी, आचारी. ज्याच्या दारात पाहुण्यांच्या गाड्या अधिक, त्याची पत मोठी. मग बेताच्या उत्पन्नाचा माणूस सोसायटीचे किंवा खासगी कर्ज काढतो आणि यात्रा झाल्यावर चार वर्षे ते फेडतो. येथे शिधा नाही आणि पाळीही नाही. प्रत्येक घर एकाच वेळी यजमान असल्यामुळे खर्च वाटला जात नाही, तो प्रत्येक घरात वाढत जातो. यात्रेने माणसे जोडली जातात हे खरे. पण त्याची किंमत ज्याला परवडत नाही त्यालाच जड जाते.

सुशिक्षित पांढरपेशा वर्गाने याच गरजेवर दुसरा उपाय शोधला, तो कुलवृत्तांताचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून कोकणस्थ घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापण्यास प्रारंभ केला, त्यासाठी कुलमंडळे स्थापन झाली आणि कुलसंमेलने भरू लागली. नोकरीसाठी मुंबई-पुणे-नागपूर अशी पांगापांग झालेली घराणी, १९४८ च्या जाळपोळीनंतर व कूळकायद्यानंतर गावातून उठलेली घरे, यांना आपले मूळ कागदावर तरी धरून ठेवावे असे वाटणे स्वाभाविक होते. पुढे इतर समाजांतील घराण्यांनीही ही वाट धरली. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हे कुलवृत्तांत महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून किती मोलाचे आहेत ते दाखवून दिले. शिक्षण, व्यवसाय, स्थलांतर यांची अशी पिढीवार माहिती अन्यत्र सहसा मिळत नाही.

मी असे काही कुलवृत्तांत चाळले आहेत. त्यांतील दोन गोष्टींपाशी नजर थांबते. एक म्हणजे काही शाखांपुढे ‘माहिती मिळाली नाही’ एवढाच शेरा असतो. माहितीचा तक्ता भरून पाठविणे हे लिहित्या-वाचत्या, पत्ता असलेल्या माणसाचे काम. जी शाखा गरिबीने गाव सोडून गेली, तिचा तक्ता येत नाही. दुसरी गोष्ट मुलींची. जुन्या वृत्तांतांत पुरुषांच्या नोंदींना परिच्छेद, आणि मुलींची बोळवण पुष्कळदा एका ओळीत. महसुली वंशावळीही याहून फार उदार होत्या असे नाही. २०१६ च्या मेळाव्यात आम्ही मोठ्या फलकावर जी वंशावळ लावली होती, ती मीच जुन्या कागदांवरून तयार केली होती. तिच्यात आक्कांचे नाव नव्हते.

घराणे एकत्र ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. चीनमध्ये अकराव्या शतकात फान चुंगयेन या अधिकारी पुरुषाने सूचौ येथे आपल्या कुळासाठी जमीन लावून दिली आणि तिच्या उत्पन्नातून गरीब भाऊबंदांना धान्य व लग्नकार्याला मदत मिळेल अशी व्यवस्था केली. दक्षिण चीनमध्ये पूर्वजांच्या नावाच्या जमिनी शाखांकडे पाळीने येत. ज्याची पाळी, त्याने उत्पन्न घ्यायचे आणि वर्षाची पूजा व जेवण करायचे. आमच्या तक्षीमदारांना ही रीत लगेच समजली असती. सरकारी नोकरीतून आलेल्या त्या चिनी गृहस्थाने आधी गरीब भाऊबंदांच्या धान्याचा विचार केला होता. मी आधी पत्रिकेच्या कागदाचा केला.

निवृत्तीनंतर २०१८ च्या दिवाळीत आम्ही सातआठ जण पुन्हा बसलो. या वेळी आक्कांनाही बोलावले होते. ठरले ते असे. दिवस कायमचा २६ जानेवारी. दोन्ही राज्यांत सुट्टी, कारखाने बंद, भाताची मळणी आटोपलेली, पावसाची भीती नाही; मुले शाळेचे झेंडावंदन करून येऊ शकतात. दिवस ठरलेला म्हणून पत्रिका नाही. वर्गणी नाही. घरटी एक शेर तांदूळ, किंवा तेवढ्याच मोलाचे जे घरात असेल ते. आहेर, सत्कार, शाल काही नाही. जेवण एकाच प्रकारचे: खपली गव्हाची गुळाची खीर, भाकरी, वांग्याची भाजी, आमटी-भात, शेंगाची चटणी. स्वयंपाक सर्वांनी मिळून, पुरुषांसह. आणि बायका शेवटी बसणार नाहीत. सर्वांत महत्त्वाचा नियम पाळीचा: मेळावा दर वर्षी वेगळ्या घरी, आणि पाळीघराने फक्त जागा, पाणी व जळण द्यायचे.

पहिली पाळी माझी. घर लहान म्हणून पुतण्याने वर्कशॉप मोकळे करून दिले. बाहेरून विकत आणावे लागले ते दूध, तेल, चहाची पूड, खोबरे आणि पत्रावळी. तो खर्च तीन हजारांच्या आत राहिला आणि उरलेला शिधा तीन घरांनी वाटून नेला. जेवणानंतर मी फलकावरची ती वंशावळ जमिनीवर अंथरली. आक्का चष्मा लावून बराच वेळ बोट फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘ह्यात माणसं अर्धीच हाईत की रे.’’ आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आमच्या पणजोबांना तीन मुलगे, हे कागदावर होते. दोन मुलीही होत्या, हे कागदावर नव्हते. थोरली पटकीच्या साथीत गेली. धाकटी चंदगडकडे दिली होती; तिच्याच घरच्यांनी पुढे आजोबांच्या धाकट्या भावाला घरजावई करून नेले. हे आक्कांना ठाऊक होते कारण त्यांच्या आजीने जात्यावर बसून त्यांना सांगितले होते. मी तीस वर्षे वंशावळी तपासल्या, माझ्याच घराची अर्धी वंशावळ वखारीत काम केलेल्या बाईच्या तोंडून लिहून घेतली. त्या दिवशी सत्तावीस नावे वाढली.

त्याच वेळी पुढच्या पाळीचा विषय निघाला. कोणी पुण्याचे नाव सुचविले, कोणी बेळगावातच पुन्हा म्हटले. आक्का म्हणाल्या, ‘‘पुढची पाळी माझी.’’ क्षणभर कोणी बोलले नाही. त्यांचे घर दोन खोल्यांचे आहे, हे सर्वांना माहीत होते. मला ‘राहू द्या’ म्हणावेसे वाटले आणि मी ते गिळले.

२६ जानेवारी २०२० रोजी आम्ही निपाणीला गेलो. गल्लीतील शेजाऱ्यांनी आपापल्या अंगणातील दुचाक्या हलविल्या होत्या. पंगत गल्लीतच, दोन फेऱ्यांत. जळण आक्कांच्या धाकट्या मुलाने आठवडाभर आधी आणून ठेवले होते, पाणी शेजारच्या बोअरचे. आक्का इस्त्रीचे लुगडे नेसून, हातात खिरीचे पातेले धरून प्रत्येक पानापाशी थांबत होत्या आणि आग्रह करीत होत्या. २०१६ साली पंगतीला बसायला ज्यांना संकोच वाटला, त्या आज आम्हां सर्वांना वाढीत होत्या. चंदगडचे दोघे प्रथमच आले होते. सीमेपलीकडची ती शाखा साठहून अधिक वर्षांत आमच्या कोणत्याही कागदावर आली नव्हती.

पुढील दोन वर्षे कोरोनामुळे मेळावा झाला नाही. त्या काळात घराण्यातील चार माणसे गेली. २०२३ पासून पाळी पुन्हा सुरू झाली. सारे सुरळीत चालते असे मी भासविणार नाही. एका वर्षी एका हौशी भाच्याने सर्वांना छापील बनियन आणि जेवणात आइस्क्रीम द्यायचे ठरविले. खर्च तो एकटाच करणार होता. त्याला समजावताना मला बरेच शब्द खर्च करावे लागले. त्याचे मन दुखावले. पण त्याच्या पुढची पाळी ज्या घराची होती, त्या घरातील मुलगा फौंड्रीत रोजंदारीवर मोल्डिंगचे काम करतो. एकाने आइस्क्रीम दिले की दुसऱ्याला द्यावे लागते, आणि कोणी तरी एकदा ‘यंदा आमच्याकडे नको’ म्हणतो. पाळी तुटते ती तेथे. वडीलपणाचे तंटेही पुरते मिटलेले नाहीत. दोन सख्खे भाऊ येतात, पण पंगतीच्या दोन टोकांना बसतात. येतात, हे आम्ही पुरे मानतो.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी अनेक जण माझ्यासारखे निवृत्त आहेत आणि घराण्याचा मेळावा भरविण्याचा विचार त्यांच्याही मनात येत असेल. त्यांना माझी एकच सूचना आहे. खर्चाचा अंदाज काढताना आपल्याला काय परवडेल हे पाहू नये. घराण्यातील सर्वांत गरीब घराची पाळी आली तर त्याला काय परवडेल ते पाहावे, आणि तेवढाच बेत कायमचा ठरवावा. आणि वंशावळ लिहायची असेल तर आधी घरातील सर्वांत वृद्ध बाईंजवळ वही घेऊन बसावे. कचेरीचे कागद नंतरही मिळतात.

आक्कांची प्रकृती आता पहिल्यासारखी नाही. प्रवास झेपत नाही, तरी शेरभर तांदूळ दर वर्षी मुलाबरोबर येतो. पुढची पाळी चंदगडच्या शाखेची आहे. त्यांनी कळविले आहे की जागा, पाणी आणि जळण तयार आहे.